शून्य अपघातांची बाजू

त्या रस्त्यावर शाळेच्या बाजूने धावणाऱ्या वाहनाला ताशी तीस किलोमीटरची मर्यादा होती आणि घरांच्या बाजूने धावणाऱ्याला नव्वदची. डांबर एकच, दिवे एकच, मधली पांढरी रेषा जेमतेम वीतभर रुंद. रेषेच्या पलीकडे शहरात शिरणारी वाहने भरपेट जेवून शतपावली करणाऱ्या गृहस्थांसारखी रेंगाळत; अलीकडे शहरातून बाहेर पडणारी अशी सुटत की घरांच्या खिडक्यांची तावदाने दिवसभर थरथरत. पाहुण्यांना हा विनोद वाटे. तिथे राहणाऱ्यांना तो समजावून सांगण्याचा कंटाळा आला होता.

हा चमत्कार कोणा वेड्याने घडवलेला नव्हता. तो नियमाने घडला होता, आणि नियम कोणत्याही सुशिक्षित माणसाला पटावा असाच होता. आरंभी दोन्ही बाजूंना साठची मर्यादा होती. रस्ते कार्यालय वर्षाअखेर प्रत्येक बाजूचे गंभीर अपघात मोजी. जिथे अपघात झाला त्या बाजूची मर्यादा दहाने उतरवायची; जिथे एकही झाला नाही ती बाजू शिस्तीची मानून दहाने चढवायची, म्हणजे एकीकडे वाया गेलेला वेळ दुसरीकडे भरून निघतो. अपघात कोणत्या बाजूला झाला हे ठरवणारी व्याख्याही निःसंदिग्ध होती: जखमी अथवा मृत व्यक्ती जेथे पडलेली आढळेल, ते अपघाताचे स्थळ. व्याख्येत खोटे काहीच नव्हते. असते, तर तिचा प्रतिवाद तरी करता आला असता.

अडचण एवढीच होती की घरांच्या बाजूला, रस्त्याला अगदी खेटून, नाल्याची उंच दगडी भिंत होती आणि तिच्यातल्या फटीतून माणसे रस्त्यावर उतरत. समोर अवचित माणूस आला की चालक भिंतीच्या धास्तीने गाडी मधल्या रेषेकडे वळवी. माणूस अलीकडे उडवला जाई आणि पलीकडे जाऊन पडे. तीन वर्षांत तीन माणसे अशी पडली. प्रत्येक वेळी निरपराध बाजूला शिक्षा झाली आणि अपराधी बाजूला बक्षीस मिळाले. शाळेची बाजू तीसवर उतरली, घरांची नव्वदवर चढली. मोठमोठ्या साम्राज्यांचे न्यायदान याहून निराळ्या तत्त्वावर चालल्याचे इतिहासात फारसे आढळत नाही. मात्र तिथे निदान कोणीतरी लाच खाल्लेली असे.

त्या तिघांतली दुसरी बाइंडरची बायको होती.

बाइंडर जुन्या पुस्तकांची बांधणी करी. सुटलेली पाने शिवावीत, कणा नवा घालावा, मूळच्या कापडाचा तुकडा शक्य तर जपावा, असे त्याचे काम. बायको गेल्यावर त्याची थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली. सारी आळी तिला ताई म्हणे. फक्त बाइंडरची सात वर्षांची मुलगी, ठकी, तिला आत्या म्हणे. ठकीची शाळा रस्त्यापलीकडे. सकाळी तिला पोचवणे आणि दुपारी आणणे हे आत्याने स्वतःकडे घेतले होते, कारण बाइंडरचे पाय त्या फटीपाशी आले की हलत नसत.

चौथ्या वर्षी अजून कोणीच पडले नव्हते. म्हणजे वर्षाअखेरीला घरांची बाजू शंभरवर जाणार होती. बाइंडर रस्ते कार्यालयात गेला.

उपअभियंता सभ्य होता. त्याने उठून खुर्ची पुढे केली.

"बसा ना. तुमचा अर्ज वाचला मी. दोनदा वाचला. फार सुरेख लिहिता हो तुम्ही."

"सुरेख राहू द्या, साहेब. शंभर तेवढं करू नका."

"माझ्या हातात असतं तर..."

"तुमचीच सही असते."

"सही माझी, नियम वरचा. त्या बाजूला तीन वर्षांत शून्य अपघात. अख्ख्या विभागात अशी बाजू नाही दुसरी. बाहेरचे लोक येतात ना, त्यांना आम्ही मुद्दाम दाखवतो."

"माझ्या बायकोला त्याच बाजूला उडवलं."

"उडवलं असेल. सापडल्या त्या पलीकडे." उपअभियंत्याने नजर खाली घातली. "राग मानू नका. मी नोंदीतलं बोलतोय."

"मग पूल द्या. माणसं वरून जातील, तुम्ही खालून दोनशेनं पळवा."

"पूल वेगाच्या बाजूचे अपघात बघून मिळतो. एक असता ना हो, एक जरी, तर मर्यादाही उतरली असती आणि पुलाची फाइल मी स्वतः घेऊन धावलो असतो. एक जरी!"

हे तो इतक्या मनापासून हळहळून म्हणाला की आपल्याकडे नेमके काय मागण्यात आले, हे बाइंडरच्या ध्यानात जिना उतरताना आले.

संध्याकाळी त्याच्या खोलीत चार माणसे जमली. खळीचे भांडे आणि दाभणांचा डबा सरकवून ताईने चहाला जागा केली. एक होता वकील. वकिली त्याने कधी केली नव्हती. न्यायालयाच्या दारात पुकारा करण्यात हयात गेल्यामुळे त्याला ही पदवी मिळाली होती. दुसरी वरच्या मजल्यावरची सिस्टर, रुग्णालयातून तशीच आलेली, पाय स्टुलावर टाकून बसलेली.

"म्हणजे त्यांचं म्हणणं, मेलात तर नीट मरा," वकील म्हणाला. "ठरवून दिलेल्या जागेत."

"अलीकडे सापडायला हवं," बाइंडर म्हणाला.

"काय?"

"पुढचा जो कोणी पडेल तो. रस्ते कार्यालयाचा मोजणीदार येईपर्यंत वेळ असतो. तेवढ्यात उचलून अलीकडे ठेवायचा. एकदाच. एकदा नोंद झाली की मर्यादा उतरली आणि पूल आला."

वकिलाने चहाचा कप खाली ठेवला. मग ताई म्हणाली, "मला धरून बोलत असशील तर आधी सांग. रात्रीचा भात सोडते. वकीलभावजींचं कंबरडं मोडायचं उगीच."

वकील हसला. सिस्टर हसली नाही.

"मान दुखावलेल्या माणसाला असं ओढलंत ना, तर उरलंसुरलं तुम्हीच संपवाल. रोज बघते मी."

"मेलेला असेल तरच ओढू," वकील म्हणाला.

"आणि ते कोण ठरवणार? तू? तुला साधा ताप कळत नाही हात लावून!"

"मग जिवंत असला तरी ओढायचा," बाइंडर म्हणाला. तो बहिणीकडे बघत नव्हता. "एक माणूस. एका माणसाच्या बदल्यात सगळ्यांची पोरं. ठकी अजून नऊ वर्षं त्या शाळेत जाणार आहे, सिस्टर. रोज दोन वेळा."

या हिशेबाला तत्त्वज्ञानात प्रतिष्ठित नाव आहे आणि त्यावर कपाटे भरतील एवढे वाङ्मय आहे. ते लिहिणाऱ्यांत रस्त्यालगत राहणारे फारसे कोणी नसावेत. सिस्टर कप न उचलता निघून गेली. पण बेत आळीभर झाला, आणि त्याला कोणी उघड हरकत घेतली नाही. माणसे फटीतून उतरताना आता एकमेकांकडे निराळ्या नजरेने पाहत, कोणाचे वजन किती असावे याचा अंदाज घेतल्यासारखे.

चार दिवसांनी, शाळा सुटायच्या सुमाराला, बाइंडर एका जाडजूड शब्दकोशाचा कणा सोलत बसला होता. बाहेर चाके किंचाळली. मग तो आवाज आला, जो एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा कशाचा आहे म्हणून विचारत नाही.

तो फटीतून बाहेर पडला तेव्हा गाडी रेषेवर तिरकी उभी होती आणि चालक स्टिअरिंग तसेच धरून आत बसला होता. टायरचे काळे ओरखडे अलीकडे होते. ताईची एक चप्पल अलीकडे होती. ताई पलीकडे होती. रेषेपासून हातभर आत, उताणी, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, डोळे उघडे.

वकील आणि आणखी दोघे त्याच्या मागोमाग पोचले. बेत सगळ्यांना पाठ होता. वकिलाने खाली वाकून तिच्या खांद्यांखाली हात घालायला सुरुवात केली, आणि सिस्टर धावत येऊन त्याच्या अंगावर अक्षरशः आदळली.

"हात काढ! हात काढ म्हणते ना!" तिने ताईच्या हाताला चिमटा काढला. "ताई, बोटं हलवा. हलवा. हं." ती बाइंडरकडे वळली. "हलतायत. पायाचीही. म्हणजे अजून मानेतून सगळं गेलेलं नाही. इथे बस गुडघ्यांवर. डोकं दोन्ही हातांनी धर, कानांवरून. असं. रुग्णवाहिका येईपर्यंत हे डोकं तसूभर हलता कामा नये. मी फोन करते. कळलं?"

बाइंडर बसला. पानांची कड सरळ आहे का हे नुसत्या बोटांनी ओळखणारे त्याचे हात बहिणीच्या कानांवर टेकले.

वकील त्याच्या शेजारी उकिडवा बसला. त्याचा आवाज खाली आला होता. "अरे, मोजणीदाराची गाडी सिग्नलला दिसतेय. नुसतं सरकवायचंय. मी पाय धरतो, तू डोकं सोडूच नकोस, डोकं तसंच ठेव..."

"नाही."

"तुझाच बेत होता हा! तूच म्हणालास, जिवंत असला तरी!"

"म्हणालो होतो."

"उद्या ठकीला कोण नेणार? इथूनच जाणार ना ती? शंभरच्या समोरून?"

"माहीत आहे मला."

"मग?"

त्या संध्याकाळचा वाद बाइंडरच जिंकला होता; त्याच्या हिशेबात एकही चूक नव्हती, आणि तळव्यांखाली बहिणीची कानशिले उडत होती.

"ओढ ना रे," ताई म्हणाली. शब्द ओले आणि अस्पष्ट येत होते. "काय बघत बसलायस. ओढ मला अलीकडे."

"बोलू नकोस."

"भात सोडला होता मी. खरंच. हलकी असेन."

"ताई, गप्प राहा. पाया पडतो तुझ्या."

"ठकी सुटली असेल."

ठकी पलीकडच्या पदपथावर होती. शाळेच्या बाईंनी तिला दोन्ही खांद्यांना धरून मागे वळवले होते आणि ती पुन्हा पुन्हा मान वळवत होती. संथ बाजूची वाहने थांबली होती. त्यांना थांबायला फारसे काही करावे लागले नव्हते. अलीकडची गाडी कोणी तरी ढकलून भिंतीला लावली, आणि मागे तुंबलेली वाहने एकेक करून सुटू लागली. काही अंतर गेल्यावर ती नेहमीच्या वेगाला येत. त्या बाजूला काहीच घडलेले नव्हते.

मोजणीदार उतरला. तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, हातात गुंडाळी टेप आणि पिवळा खडू. त्याने आधी ताईकडे पाहिले आणि मग, सवयीने, रेषेकडे.

"सरका थोडे," तो वकिलाला म्हणाला.

"साहेब," बाइंडर म्हणाला. त्याला मान वर करता येत नव्हती. तो मोजणीदाराच्या बुटांशी बोलत होता. "ओरखडे बघा. अलीकडे आहेत. चप्पल बघा, तीही अलीकडे आहे. गाडी अलीकडून आली, सगळ्यांनी पाहिलीय. एवढं तरी लिहा."

"चपलेला रकाना नाही, दादा."

"तुम्हाला दिसतंय ना पण?"

"मला दिसतं हो." मोजणीदाराने टेपचे टोक रेषेवर ठेवले आणि पायाने दाबले. "गेल्या वेळीही दिसलं होतं."

त्याने टेप ताईच्या खांद्यापर्यंत आणली. मग गुडघे टेकून, तिला स्पर्श होऊ नये याची अतिशय काळजी घेत, तो तिच्याभोवती खडूने रेघ ओढू लागला. पायापासून कमरेपर्यंत आला, तिथून दंडापर्यंत. डोक्यापाशी आल्यावर तो थबकला, कारण तिथे बाइंडरचे हात होते. आणि मग त्याने हातांनाही आत घेऊन रेघ पुढे नेली. वकील उभा राहून दुसरीकडे बघत होता.

"ओढलं का रे?" ताईने विचारले. तिचे डोळे आकाशात होते आणि ती ते हलवत नव्हती. "मला काही कळत नाहीये. कुठे आहे मी?"

खडू थांबला.

"अलीकडे," बाइंडर म्हणाला. "आपल्या बाजूला आहेस."

"मोजलं त्यानं?"

बाइंडरने प्रथमच मान किंचित उचलली आणि मोजणीदाराच्या डोळ्यांत पाहिले.

"मोजलं, ताई," मोजणीदार म्हणाला. "अलीकडेच आहात."

तिने डोळे मिटले. बाइंडरने तळव्यांखालची धडधड शोधली आणि ती सापडल्यावर हात तसेच ठेवले. मोजणीदाराने उरलेली रेघ पूर्ण केली, टेपवरचा आकडा वाचला आणि शाळेच्या बाजूला एक अपघात मांडला.