कालव्याकाठी दोघी

कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात, आमच्या गावच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, मी अकरा वर्षं एकच काम करते आहे. इथली दोन वर्षं संपवून पुढच्या दोन वर्षांसाठी मोठ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज नीट करून द्यायचे. मीही याच गावची. माझी आई फळं निवडून खोक्यांत भरायच्या शेडमध्ये पीच निवडायची. त्यामुळे नेरेइदा अर्ज घेऊन पहिल्यांदा समोर येऊन बसली तेव्हा तिच्या मनगटांवरचं पुरळ कशाचं ते मला विचारावं लागलं नाही. पीचच्या लवेनं असंच उठतं.

मार्क उत्तम होते. अर्जासोबतचा निबंध मात्र बेताचा. दोन बस बदलून कॉलेजला येणं, शेडमधलं काम, आईचे कष्ट. असे निबंध मी वर्षाला दोनशे वाचते.

"यात तू कुठंच नाहीस," मी म्हटलं. "वाचणाऱ्याच्या लक्षात राहायला हवीस."

"दुसरं काही नाहीये मॅडम माझ्याकडे."

"आठव. काहीतरी असतंच."

आठवड्यानं तिनं नवा निबंध आणला. धाकटी बहीण आरासेली आठ वर्षांची असताना कालव्यात पडली. चौदा वर्षांच्या नेरेइदानं काँक्रीटच्या उतारावर पालथं पडून तिचा हात धरून ठेवला. पाणी ओढत होतं. शेवटी बोटं सुटली.

आरासेली बुडाली हे अख्ख्या गावाला माहीत होतं. हाताचं मी पहिल्यांदाच वाचत होते. ऑफिसचं दार लावून मी रडले, आणि एक स्वल्पविरामही न बदलता निबंध पाठवायला सांगितला.

एप्रिलमध्ये समुद्राकाठच्या एका मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. तिथं जागा मिळाली म्हटल्यावर माणसं दोनदा विचारतात, खरंच का. नेरेइदाच्या आईनं, एर्मिलानं, रविवारी चर्चनंतर मक्याच्या सालीत उकडलेले तामाले केले आणि मला जेवायला बोलावलं.

"बाई, मला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "हिनं असं काय लिहिलं की त्यांनी लगेच घेतलं?"

नेरेइदा स्वयंपाकघरात होती. मी फोनवर निबंध काढला आणि स्पॅनिशमध्ये सांगत गेले. नेरेइदाला आधी विचारावं, हे मला सुचलंच नाही.

हाताच्या ओळीशी आले तेव्हा एर्मिलानं थाळी खाली ठेवली.

"म्हणजे ती एकटी नव्हती."

नेरेइदा दारात येऊन उभी होती.

"सहा वर्षं मला वाटतंय, माझी पोर एकटीच गेली. का गं सांगितलं नाहीस?" एर्मिला उठली. लेकीचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, तळव्याचा मुका घेतला, मग एकेका बोटाचा. नेरेइदा माझ्याकडे बघत होती.

मला गाडीपर्यंत सोडायला ती आली.

"मी तिथं नव्हते, मॅडम."

"म्हणजे?"

"आरासेली म्हणाली, मांजर शोधायला चल. मी म्हटलं, जा ना एकटी, डोकं खाऊ नकोस. टीव्ही बघत होते मी. हात-बित काही नाही."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "कोणाला कळणारे? आईला बरं वाटतंय ना? जाऊ दे."

तिनं जाऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात विद्यापीठाला पत्र लिहून खरं ते सांगितलं. जागा गेली. मग तिनं आईलाही सांगितलं. एर्मिलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू लहान होतीस. घाबरून विसरलीस," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझी बाही ओली होती. मीच पिळून वाळत घातली."

"आई, मी घरातच होते."

"मला सांगतेस?"

ओल्या बाहीची गोष्ट शेडमध्ये पोचली. कामावर बायका जाता-येता नेरेइदाच्या हाताला हळूच हात लावून जायच्या. वर्षभर ती तिथंच राबली. मग तिनं दुसऱ्या एका नावाजलेल्या विद्यापीठाला अर्ज केला. या खेपेला निबंध पीचवर होता: टणक कोणतं, नरम कोणतं, आतून सडलेलं कोणतं, हे अंगठ्याला कसं कळतं. मी त्यातलं काही बदलायला सांगितलं नाही. तिला जागा मिळाली.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवसासाठी ती घरी आली. आरासेलीच्या फोटोपुढं झेंडू, गोड पाव, दुधाचा पेला. शेजारणी जमल्या आणि एर्मिला सांगू लागली. आता त्या गोष्टीत आरासेली बोलतही होती: ताई, सोडू नकोस. नेरेइदा सगळ्यांचे कप भरत राहिली. तिनं आईला अडवलं नाही.

बसस्टँडवर तिला मीच सोडणार होते. रस्ता कालव्याच्या कडेकडेनं जातो. ती खिडकीतून पाण्याकडे बघत होती.

"मॅडम, तिच्या मनगटात लाल दोरा होता. भिजल्यावर तो घसरायला लागला, म्हणून माझी पकड सुटली."

"नेरेइदा."

"आईनं हे कधीच सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "माझं मलाच आठवलं."

 तिची बस गेल्यावर मी दुसऱ्या रस्त्यानं परत आले. तिकडून बारा मैलांचा फेरा पडतो. आता कॉलेजातून घरी येतानाही मी रोज तिकडूनच येते.