दोघींच्या कानांतला मी

मी परिचर्या महाविद्यालयातला जोड-स्टेथोस्कोप. माझी चकती एकच. कानांत घालायच्या जोड्या मात्र दोन. एक शिकवणारीची, दुसरी शिकणारीची. दुसऱ्यांचे ऐकवणे हेच माझे काम. परंतु त्या परीक्षेविषयी मौन बाळगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी इथे शिकवणाऱ्या बाईंनीच मला मागवून घेतले. त्या मला रोज स्वहस्ते पुसून खुंटीला टांगीत. नव्या पिढीविषयीचे त्यांचे मत ठाम होते. "या मुलींना आकडा यंत्रानं पुढ्यात वाढावा लागतो. कान फक्त डूल घालायला!"

मागच्या बाकावरून कुजबुज येई, "आणि बाईंना आकडा ऐकायच्या आधीच ठाऊक असतो!"

त्या दिवशी रक्तदाब मोजायची परीक्षा होती. समोर उभी असलेली मुलगी गेल्या वर्षी याच परीक्षेत नापास झालेली. पुन्हा चुकली असती, तर महाविद्यालयातून नाव कमी होणार होते. रुग्ण म्हणून शिपाईकाका बाही सरसावून बसले होते.

"वरचा एकशे अठ्ठेचाळीस," मुलगी म्हणाली.

"एकशे चाळीस! यंदाही अंदाजपंचेच का?"

"नाही बाई, मला ऐकू आलं."

"अहो, तुमच्या भांडणात माझाच वाढायचा!" काका पुटपुटले. कोणीही हसले नाही.

"डोळे मीट," बाई कडाडल्या. "पहिला ठोका आला की बोट वर कर. पारा मी बघते."

पारा उतरू लागला. एकशे अठ्ठेचाळीस. माझ्या दोन्ही नळ्यांतून ठोका गेला. मुलीचे बोट वर झाले. बाईंचा चेहरा मात्र निश्चल. पारा एकशे चाळीसवर आला, तेव्हा कुठे त्यांची पापणी हलली.

त्यांनी पुन्हा मोजले. मग नळी तुंबली असेल म्हणून जोड्यांची अदलाबदल केली. तरी मुलीचे बोट त्याच आकड्यावर उठले.

बाईंनी मला कानांतून काढले.

"गेल्या वर्षीही तू बरोबर होतीस?"

"होते. पण तेव्हा तुम्ही डोळे मिटायला सांगितलं नव्हतं, बाई."

बाईंनी गुणपत्रिकेवर 'उत्तीर्ण' लिहिले. मग सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाल्या, "हिचं एक वर्ष माझ्या कानांनी खाल्लं. प्राचार्यांना तसं लेखी देते."

आता परीक्षेत माझी शिकवणारीची जोडी एका तरुण अध्यापिकेच्या कानांत असते. बाई केवळ बोट आणि पारा पाहतात. संध्याकाळी मला पुसतात मात्र त्याच. माझी विनंती एवढीच : समोरचीला बहिरी ठरवण्यापूर्वी, कृपया, माझे आपल्या कानांतले टोकही एकदा तपासा.