वजन अगदी बरोबर होते

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. माझ्या पारड्यात साखर किंवा सोने कधी पडले नाही. मी बंदुकीची दारू तोलतो. तांदळाच्या कणीहून कमी फरक पडला, तरी माझी दांडी ढळते.

अमेरिकेतल्या मोंटानात, डोंगरांच्या पायथ्याशी, आर्विड ट्वेट नावाच्या सुताराच्या तळघरात माझे आयुष्य गेले. दुकानातली काडतुसे त्याच्या मनास येत नसत, म्हणून तो ती घरीच भरी. आपल्या शिकारी रायफलीला काय मानवते, ते तो स्वतः शोधी. दारू किंचित कमी, किंचित जास्त. गोळी जराशी आत, जराशी बाहेर. मग कुरणात जाऊन कागदावर नेम धरी. दोन उन्हाळे खपल्यावर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. त्याची मुलगी मार्लिस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, या घरात खरं बोलणारा हा एकटाच हं!"

मी फुलून गेलो. माझी उणीव मला अजून ठाऊक नव्हती.

आर्विडने सत्तरी ओलांडली. शिकारीच्या हंगामात, एका दुपारी, तो मार्लिससाठी वीस काडतुसे भरायला बसला. टेबलावर दोन डबे होते. एकात रायफलीची, सावकाश जळणारी दारू. दुसऱ्यात पिस्तुलाची, भडकन पेटणारी. रेडिओवरचा सामना ऐकता ऐकता त्याचा हात दुसऱ्याच डब्यावर पडला.

दाणे पारड्यात पडताच मी ओळखले. ही दारू रायफलीत पेटली, तर रायफल मार्लिसच्या गालाशीच फुटणार! मी जिवाच्या आकांताने थरथरलो.

"वारा येतोय वाटतं," म्हणत त्याने खिडकी लावून घेतली.

वजन अगदी बरोबर होते. काट्याला वजनापलीकडे काही सांगता येत नाही. वीस वेळा मी निमूटपणे दांडी सरळ धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिस ती काडतुसे घेऊन डोंगरात एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराच्या, शिकारीला गेली. न्याहारीनंतर आर्विड आवराआवर करायला खाली आला. रायफलीच्या दारूचा डबा त्याने उचलला. त्याचे सील जसेच्या तसे होते.

"अरे देवा! पोरीच्या हातात काय दिलं मी!"

तो धडपडत जिना चढला. गाडीचा आवाज दूर गेला. डोंगरातून अधूनमधून बार ऐकू येत होते. प्रत्येक बार तिचाच वाटे आणि मी गारठून जाई. एकदा लागोपाठ दोन बार झाले, मग बराच वेळ काहीच नाही. ती शांतता मला सोसवेना.

दुपारी जिन्यावर पावले वाजली. दोघांची!

मार्लिस संतापलेली होती. "हॉर्न बडवत काय आलात! एल्क समोर उभा, माझं बोट चापावर, आणि तुम्ही अख्खा डोंगर पळवलात! वर रायफल हिसकावून घेतलीत. आता तरी बोला!"

 आर्विडने तो सीलबंद डबा तिच्या हातात ठेवला. तिने सीलवरून बोट फिरवले आणि खिशातली वीसही काडतुसे टेबलावर काढून ठेवली.

आर्विडने माझ्यावर फडके टाकले. सगळा हिवाळा त्याने मला हात लावला नाही. वसंतात मार्लिसनेच फडके काढले.

"माझ्यावर विसंबू नकोस गं आता," तो म्हणाला.

"विसंबत नाहीच. म्हणून तर शेजारी बसणारेय."

मित्रांनो, माझ्यासारखी साधने जरूर वापरा, पुसून स्वच्छ ठेवा. पण आम्ही बरोबर आहोत म्हणून तुम्ही डोळे मिटू नका. आम्हाला ओरडता येत नाही हो.