एका घरावर अडलेले प्यादे

मित्रांनो, मी एक जुने लाल प्यादे आहे. निजामाच्या राज्यात गंगाखेडच्या मुंजाजी सुताराने मला बाभळीच्या तुकड्यातून घडवले. वजिराला त्याने दोन दिवस दिले आणि आम्हा आठ प्याद्यांना एकाच दुपारी उरकले. त्याचा राग मला अजून आहे.

भिवराबाई आणि मनकर्णा या शेजारणी आमच्यावर रोज खेळत. भिवराबाई मनकर्णाविरुद्ध एकदाही जिंकली नव्हती. सन अठ्ठेचाळीसच्या संक्रांतीला देवळात बायकांच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा झाल्या आणि शेवटच्या डावाला नेमक्या याच दोघी समोरासमोर आल्या.

त्या दिवशी भिवराबाईचा हात भलताच चालला. वजिराने सरळ मात होत होती. पण आमच्याकडे प्याद्याने मात करण्याचा मान सगळ्यात मोठा. तिने वजीर बाजूला ठेवून मला पुढे काढले. मी तर फुलून गेलो!

"वजिरानं मार की गं," मनकर्णा म्हणाली.

"न्हाई. एकदाच जिंकायलेय, तं प्याद्यानंच जिंकीन."

"लय हट्टी हायस!"

आता मनकर्णाची एक खेळी, मग माझे एक पाऊल, की मात. मनकर्णा विचार करत बसली. इतक्यात दिवेलागण झाली. दिवस लुटालुटीचे आणि जाळपोळीचे होते, अंधाराआधी घर गाठावे लागे. पंच कस्तुराबाईंनी डाव थांबवला.

"पट हलवू नको गं," मनकर्णा जाताना म्हणाली. "उद्या माझी खेळी हाय."

पहाटेच तिच्या घरच्यांनी गाडी जुंपली आणि जिवाच्या भीतीने तिच्यासह सगळे निजामाच्या सरहद्दीपार निघून गेले.

"ती आली न्हाई, तं तूच जिंकलीस," कस्तुराबाई म्हणाल्या.

"समोर माणूस नसताना कसली जीत?" म्हणून भिवराबाईने बक्षिसाचे लुगडे घेतले नाही. ते तसेच राहिले.

निजामाचे राज्य गेले. बरेच लोक परतले, मनकर्णा आली नाही. दर संक्रांतीला भिवराबाई तोच डाव मांडायची, समोर पाट ठेवायची आणि संध्याकाळी आम्हाला पिशवीत भरायची. मला रडू यायचे. माझ्या मानापायी दोघींचा डाव अर्धा राहिला होता.

भिवराबाई गेली. बाकीच्या सोंगट्या हरवल्या, आता एका जुन्या डब्यात मी एकटाच आहे. मित्रांनो, जुनी सोंगटी सापडली तर फेकू नका. आणि मला हौसेने एक घर पुढे सरकवू नका. आधी मनकर्णाची खेळी आहे.