खरपुडी

“काका, यातलं एकही भांडं आतून काळं कसं नाही?” मॅडमनी विचारलं, आणि काकांची छाती फुगली.

“काळं ठेवीनच कसा? आपल्या हातून भांडं निघालं की त्यात तोंड दिसलं पाहिजे.”

मातीच्या भांड्यात तोंड कुणाला दिसलं होतं ते काकांनाच ठाऊक. पण चौतीस वर्षं ते संग्रहालयामागच्या शेडमध्ये बसून उत्खननातून आलेली भांडी आणि खापऱ्या धूत होते. पुढ्यात टब, हातात ब्रश, बाजूला ॲसिडचं पातळ पाणी. साहेब लोक त्यांना ‘चकाचक’ म्हणत, आणि ते नाव त्यांना बढतीपेक्षा गोड लागे. बढती काही मिळाली नाही, हा भाग वेगळा. आठवड्याभरानं ते निवृत्त होणार होते. त्यांनी धुतलेल्या भांड्यांनी संग्रहालयाची तीन दालनं भरली होती आणि तिथं उभं राहिलं की जन्म अगदीच फुकट गेला नाही असं त्यांना वाटे.

मॅडम प्रयोगशाळेतून नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी सकाळपासून सगळे रॅक पाहिले होते. आता त्या स्टुलावर बसल्या.

“मला तळाला लागलेलं हवं होतं, काका. करपलेलं.”

“खरपुडी? तिचं काय करता?”

“तिच्यात सगळं असतं. आधी काय टाकलं, मागून काय टाकलं. दाणे नुसते भाजून खाणारी माणसं शिजवून खायला कधी लागली. मऊ शिजवता आलं की दात पडलेली म्हातारीही जगते, तान्हं लवकर अंगावरून सुटतं. मग घरात कोण काय करणार ते बदलतं, जेवायची रीत बदलते. भांड्याच्या अंगात मुरलेलं थोडंफार मिळेलही, पण हे थरावर थर मात्र खरपुडीतच असतात.”

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. “आणि ती मी गटारात घालवली,” ते म्हणाले.

“तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सांगितलं तसं तुम्ही केलंत.”

इथंच तर सगळी गोम होती. साहेबांनी सांगितलं होतं माती काढायला. खरपुडी काढा असं कुणीही सांगितलं नव्हतं. ती काकांनी आपण होऊन काढली होती. ब्रश चालेना तिथं बांबूची काडी, काडी चालेना तिथं नख. एकेका भांड्याला दोन-दोन दिवस दिले होते. कामचुकार असते तर आज मॅडमना हवं ते रॅकभर मिळालं असतं, या विचारानं त्यांना मनापासून लाज वाटली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती पोटभर हसली.

“चौतीस वर्षांत घरातलं एक पातेलं घासलं नाहीत,” ती म्हणाली, “आणि घासलीत तीही नेमकी नको ती.”

मग त्यांच्या ताटाकडे तिचं लक्ष गेलं. अन्न तसंच होतं. ती हसायची थांबली.

“पण मी काय म्हणते, इतकं करपेपर्यंत ती रांधणारी बाई होती कुठं? आणि करपलं तर करपलं, पाणी घालून भिजत तरी टाकायचं. भांडं तसंच टाकून कुणी जातं का?”

काकांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. कुठल्या भांड्याची कड कुणाच्या अंगठ्यानं दाबली आहे, भांडं चुलीवर कुठल्या बाजूनं ठेवलं होतं, हे ते बघताक्षणी सांगत. पण ती बाई मधेच उठून कुठं गेली, ते त्यांनी विचारलं नव्हतं. तिचं राहिलेलं काम आपण हजारो वर्षांनी पुरं करून टाकलं आणि तिची एकुलती एक खूण पुसली. त्यांनी ताट बाजूला सारलं. बायकोनं ते उचललं.

सकाळी मॅडम आल्या तेव्हा शेडमागच्या गाळाच्या टाकीचं झाकण उघडं होतं. टबातलं पाणी आधी त्या टाकीत पडे आणि तिथून गटाराला लागे. काका पँट दुमडून गुडघाभर गाळात उभे होते. वर तीन बादल्या भरून ठेवल्या होत्या.

“अहो काका, या वयात हे काय?”

“सगळंच काही वाहून गेलं नाही. बघा, खाली बसलंय. काळं आहे.”

मॅडम बादलीशी उकिडव्या बसल्या. त्यांनी गाळ बोटांत चोळला, वास घेतला, पुन्हा चोळला. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“यात सगळ्या गावांचं आणि सगळ्या काळांचं एक झालंय, काका. कुणाच्या भांड्यातलं कोणतं, ते कसं सांगणार?”

ते काकांना झाकण उघडतानाच कळलं होतं. कळणं आणि हातावर हात ठेवून बसणं मात्र त्यांना एकत्र जमलं नव्हतं.

“तरी एकदा बघा,” ते म्हणाले.

मॅडमनी नकार दिला नाही. त्यांनी एक छोटी पिशवी घेतली आणि मूठभर गाळ तिच्यात भरला. तिथल्या रिवाजाप्रमाणे चिठ्ठीशिवाय पिशवी आत जात नसे. त्यांनी छापील चिठ्ठी आणि पेन काकांपुढे धरलं. काका वर आले, हात धुतले, शर्टाला पुसले आणि टबाच्या कडेवर चिठ्ठी ठेवून बसले.

‘जागा’ या शब्दापुढे त्यांनी रेघ मारली. ‘उत्खननाची खोली’पुढे रेघ. ‘काळ’ या शब्दापुढे पेन थोडं थांबलं, मग तिथंही रेघ मारली. सर्वांत खाली ‘धुणारा’ असं छापलं होतं. तिथं त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, ठळक अक्षरात, आणि शाई वाळेपर्यंत चिठ्ठी हातात धरून बसले.