कुलूपबंद औषधांचा डबा

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. झाकणाला हात लावू नका. तुम्ही चांगली मुले असाल, नाही असे नाही. पण माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. मी पत्र्याचा एक जुना डबा आहे आणि माझ्या पोटात औषधे असतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्राने सपाट पत्रा दाबून मला चौकोनी आकार दिला, माझ्यावर फुलांचे चित्र छापले गेले आणि माझ्यात बिस्किटे भरली गेली. लोक म्हणत, "काय सुंदर डबा आहे!" हे कौतुक माझे की बिस्किटांचे, अशी शंका मला तेव्हाही यायची. ती खरीच निघाली. बिस्किटे संपली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. फुले विटली, एका कोपऱ्याला गंज चढला, आणि बरीच वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मला खाली काढले ते कुलूपकाकांनी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे कुलपे दुरुस्त करण्याचे आणि चाव्या बनवण्याचे छोटे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. जन्मभर चोरांचा विचार करून करून त्यांचा स्वभावच संशयी झाला होता. दूधवाला पाणी घालतो, वाणी वजनात मारतो, शेजारच्या दुकानातला घड्याळवाला भिंतीला कान लावून बसतो, असे त्यांना ठामपणे वाटायचे. त्यांनी मला कडी बसवली, छोटेसे कुलूप घातले, माझ्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

"औषधाला कुणाचा हात लागायला नको," ते आपल्या बायकोला म्हणाले. तिला सगळे काकू म्हणत.

"अहो, घरात आपण दोघंच. तिसरा हात कुणाचा येणार?" काकूंनी विचारले.

काकांनी कुलूप ओढून पुन्हा एकदा तपासले. माझा स्वभाव कोणावर गेला, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पुढे काकांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी मूठ वळत नसे. चावी घासायची कानस हातातून निसटून पडायची, आणि ती उचलताना काकांच्या डोळ्यांत पाणी यायचे. चाव्या बनवता आल्या नाहीत तर दुकान बंद, या भीतीने शेवटी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून त्यांनी मला पिशवीत घालून बरोबर नेले.

"दुसरी काही औषधं चालू आहेत का?" बाईंनी विचारले.

"छे!" काका म्हणाले. मी पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या पोटात घेऊन गप्प बसलो होतो. सगळे सांगितले तर ही बाई आणखी दहा आजार शोधून काढेल, असा काकांचा संशय होता.

बाईंनी समजावून सांगितले, "ही सूज आणि दुखणं कमी करणारी गोळी. दिवसातून एकच, तीही जेवणानंतर. ही दुसरी जेवणाआधी, पोट सांभाळायला. यावर दुखण्याची आणखी कुठलीही गोळी घ्यायची नाही. पोटात जळजळ झाली, शौचाला काळं झालं, पायांवर सूज आली किंवा दम लागला, तर गोळी बंद करायची आणि सरळ इकडे यायचं. गोळ्या संपल्या की मला दाखवा. मनाने चालू ठेवू नका."

काका घरी आले ते कुरकुरतच. "बोटं दुखतात, तर पोटाची गोळी कशाला? आणि परत बोलावलंय, म्हणजे तिलाच खात्री नाही!" पोट सांभाळणाऱ्या गोळ्यांची पट्टी माझ्या तळाशी पडली ती पडलीच. ती त्यांनी फोडलीसुद्धा नाही.

सूज आणि दुखणे कमी करणाऱ्या केशरी गोळीने मात्र कमाल केली. बोटे वळू लागली, कानस पुन्हा चालू लागली. मित्रांनो, ज्या माणसाने सख्ख्या भावावर कधी विश्वास ठेवला नाही, त्याने त्या गोळीवर डोळे मिटून ठेवला. काका तिला 'बोटांची गोळी' म्हणायचे. संपली की जुनी पट्टी दाखवून दुकानातून नवी आणायची, आणि सकाळी उठल्या उठल्या नुसत्या चहाबरोबर घ्यायची. डॉक्टरीणबाईंचे तोंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

मग त्यांचे डोके दुखू लागले. घड्याळवाल्याने निळी पट्टी पुढे केली. "घ्या हो काका, डोक्यावर रामबाण आहे."

डोके इतके ठणकत होते की काकांनी संशय बाजूला ठेवून ती घेतली. आता रोज एक बोटांची, एक डोक्याची. दोन्ही पट्ट्या माझ्यात शेजारी येऊन पडल्या आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रंग वेगळे, मोठ्या अक्षरांतली नावेही वेगळी. पण मागे बारीक अक्षरांत औषधाचे नाव होते, ते दोन्हींवर एकच! मी कितीतरी खडखडलो. डबा खडखडला तर कोण लक्ष देतो?

थोड्याच दिवसांत काकांच्या पोटात आग पडू लागली. आणि त्यांचा संशय कोणावर गेला असेल? काकूंवर.

"भाजीत काय घातलंस?"

"रोज घालते तेच."

दुसऱ्या दिवशी काकांनी ताट पुढे सरकवले. "आधी तू खा."

काकूंनी मुकाट्याने एक घास खाल्ला आणि उठून मोरीत तोंड धुऊन आल्या. त्या दिवशी मला काकांचा फार राग आला. त्यानंतर रोज तसेच होऊ लागले. काकूंचे बोलणे कमी कमी होत गेले.

काकांचे पाय सुजले, तर त्यांना वाटले, कोणीतरी आपल्या चपला बदलल्या. जिना चढताना धाप लागायची. तोंड पांढरेफटक पडले. एकदा माझे कुलूप काढताना ते पुटपुटले, "शौचाला डांबरासारखं काळं होतंय. कुणीतरी मला खाण्यातून काहीतरी घालतंय." एवढे बोलून त्यांनी केशरी गोळी तोंडात टाकली.

त्याच सकाळी ते चहाच्या कपासकट खाली कोसळले.

काकूंनी हाक मारताच घड्याळवाला धावत आला. काकूंनी दुसरे काही घेतले नाही, मला कुलपासकट उचलले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काय काय घेत होते?"

"मला माहीत नाही हो. मला बघू देत नाहीत," काकू म्हणाल्या. मग त्यांनी काकांच्या गळ्यातला दोरा काढला आणि त्यातल्या किल्लीने मला उघडले.

बाईंनी मला टेबलावर पालथे केले. केशरी पट्टी, निळी पट्टी, रक्तदाबाच्या गोळ्या, न फोडलेली पोटाची पट्टी. सगळे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. काकांच्या पोटात आतून रक्तस्राव होत होता. त्यांना रक्त चढवावे लागले.

काका बोलू लागल्यावर बाई म्हणाल्या, "काका, दोन्ही पट्ट्यांत एकच औषध आहे. गोळीला पत्ता कळत नाही. बोटांची म्हणून ती बोटांत जात नाही. पोटातून रक्तात जाते आणि सगळीकडे फिरते. पोटाला जखम होते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाबही वाढतो. तुम्ही ती दुप्पट घेतलीत, तीही रिकाम्या पोटी."

काकांनी काकूंकडे पाहिले. "तुझ्या काहीच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. चपला घट्ट झाल्या तेव्हाच आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते, तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

काकांनी भिंतीकडे तोंड वळवले. त्यांचे खांदे हलत होते.

मित्रांनो, आता मला कुलूप नाही; मी उंच फळीवर असतो, म्हणजे लहान हात पोहोचू नयेत. काकांची औषधे बाईंनी बदलली आहेत आणि काका ठरल्या दिवशी न चुकता त्यांना दाखवून येतात. तुमच्या घरी कोणी दुखण्याच्या गोळ्या घेत असेल, तर विचारा: आधी काही खाल्ले आहे ना? डॉक्टरांना सगळी औषधे सांगितली आहेत ना? पट्टीमागची बारीक अक्षरे वाचली आहेत ना? तुम्ही स्वतः मात्र गोळ्यांना हात लावू नका. संशय घ्यायचाच असेल, तर माझ्या पोटातल्या मालावर खुशाल घ्या. मला राग येणार नाही.

काकांच्या पोटातली जखम भरत आली आहे. काका हल्ली काकूंशी आपणहून बोलायला जातात, आणि काकू तुटक उत्तर देऊन आत निघून जातात. त्यांची जखम कधी भरेल, मला सांगता येत नाही. तिच्यावरचे औषध माझ्यात नाही.