पडद्यावर विरलेला खडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या पडद्यावर माझ्या दादाचा एक्स-रे होता आणि त्यात मूतखड्याचा पांढरा ठिपका. दिव्य किरणांनी आजार घालवतो म्हणणाऱ्या गुरुजींनी डोळे मिटून त्या किरणांना आत शिरायची आज्ञा केली. ठिपका फिका होत होत नाहीसा झाला. हाडं मात्र जागच्या जागी. शेजारच्या बाई रडायला लागल्या. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

दादा शिंपी. मापात अर्ध्या बोटाची चूक खपवून घेत नाही. पण त्याने दुसऱ्याच दिवशी ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. खडा राहिला तर मूत्रपिंड निकामी होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादाचं एकच म्हणणं, दुखायचं थांबलंय ना. माझी बायको इस्पितळात एक्स-रे काढते. खड्याची कळ अशीच येते-जाते, पुन्हा एक फोटो काढू, असं तिने परोपरीने सांगितलं. तुझी श्रद्धाच नाही, म्हणून दादाने तिला उडवून लावलं.

मग तिने वाद सोडला आणि पुढच्या बैठकीला पहिल्या रांगेत जाऊन बसली. फोन स्टँडवर लावून तिने गुरुजींचा फोटो मागितला. गुरुजी केसांवरून हात फिरवून खुशीत बसले. ते चहाला उठले, तेव्हा तिने रिकाम्या खुर्चीचाही फोटो घेतला.

त्याच्या पुढच्या बैठकीत तिने आपला अनुभव पडद्यावर दाखवायची इच्छा सांगितली. गुरुजी हरखले. संगणकापाशी बसणाऱ्या त्यांच्या मेहुण्याने तिला जागा दिली. तिने फोनमधले दोन्ही फोटो संगणकात घेतले आणि पडद्यावर खुर्चीत बसलेले गुरुजी आले. तिने एक पट्टी माऊसने हळूहळू सरकवली. गुरुजी फिके झाले, त्यांच्या पोटातून खुर्चीची पाठ दिसू लागली आणि शेवटी नुसती खुर्ची उरली. लोकांनी पडद्याकडे पाहिलं, मग व्यासपीठाकडे. गुरुजी होते तिथेच होते, आणि होते तेवढेच होते.

मग तिने त्याच संगणकातली दादाची फाईल उघडली. वर मूळ एक्स-रे, खाली त्याचीच खडा पुसलेली प्रत. वरचं चित्र पारदर्शक केलं की खडा गेला. पट्टी मागे ओढली की आला.

गुरुजी म्हणाले, काही शक्ती यंत्राला कळत नाहीत.

"नसतील कळत," ती शांतपणे म्हणाली. "पण गुरुजी, तुम्ही पडद्यावरून गेलात, खुर्चीतून नाही. आमच्या दादांचा खडाही तसाच आहे."

दादा उठला. वाटलं, आता चिडणार. त्याने माऊस हातात घेतला आणि गुरुजींना तीनदा घालवलं, तीनदा आणलं. मग तोच आधी हसला.

सकाळी नवा एक्स-रे निघाला. खडा जागेवरच होता, जरासा मोठा. ऑपरेशन झालं, मूत्रपिंड वाचलं.

पडद्यावरची करामत जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण दुखणं शरीरात असतं, चित्रात नाही. ते खरंच गेलं का, हे पुन्हा तपासून घ्या. आणि तपासू न देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.